पायथन टाकल्याने विंडोज उडत नाही

गेल्या आठवड्यात बार्शीहून भाच्याचा फोन. "मावशी, पायथन टाकायचंय, पण बाबा म्हणतात आपल्या पीसीवर नको. त्यांना मेसेज आलाय." पायथन म्हणजे प्रोग्राम लिहायची एक भाषा. तो मेसेज एव्हाना मलाही तीन ग्रुपांवर येऊन गेला होता. वर लाल दिवे, 'पालकांनो सावधान' आणि खाली पाच मुद्दे. पायथनला आय-सेव्हन प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम लागते. चुकीचं बसलं तर विंडोज नव्याने टाकावं लागतं. घरी बसवलेलं चालतच नाही, म्हणून क्लासवाल्याकडूनच बसवून घ्यावं. इंग्रजी पक्कं नसेल तर मुलांनी त्या वाटेला जाऊ नये. आणि शेवटी, अँटिव्हायरस बंद करून खालच्या लिंकवरून 'फुल व्हर्जन' फुकट उतरवून घ्यावं.

रॅमपासून सुरुवात करू. पायथन पहिल्यांदा बाहेर आलं १९९१ साली, तेव्हा घरच्या कॉम्प्युटरची रॅम एमबीत मोजत. २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या नावातला 'पाय' पायथनवरूनच घेतलेला आहे, आणि त्याच्या सुरुवातीच्या बोर्डावर २५६ एमबी रॅम होती. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना २०१६ मध्ये वाटलेल्या मायक्रोबिट या चिमुकल्या बोर्डावर तर १६ केबी. जीबी नव्हे, केबी! त्यावर मायक्रोपायथन हे पायथनचं धाकटं भावंड चालतं. घरी एआयची मोठी मॉडेलं चालवायची असतील तर १६ जीबीची गोष्ट करा. पाढे छापणारा प्रोग्राम लिहायला चार जीबीचा जुना पीसी पुरून उरतो. विंडोजसाठीची इन्स्टॉलरची फाइल पंचवीस-तीस एमबीची असते, बारशाचा एखादा व्हिडिओ याहून जड निघेल.

मेसेजमध्ये नसलेली एक खरी अडचण मात्र सांगते. पीसीवर अजून विंडोज ७ असेल तर पायथनची नवी आवृत्ती बसत नाही. ३.८ ही त्यावर चालणारी शेवटची, ३.९ पासून ते दार बंद. यात दोष विंडोजच्या वयाचा आहे, रॅमचा नाही.

विंडोज नव्याने टाकावं लागतं, हे कुठून आलं देव जाणे. 'इन्स्टॉल नाऊ' दाबलं की पायथन तुमच्या युजरच्या फोल्डरात जाऊन बसतं, विंडोजच्या फोल्डराला हात लावत नाही. बिघडलंच तर तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवा. तो दुरुस्ती करू की काढून टाकू, असं स्वतःच विचारतो. दोन आवृत्त्याही एका पीसीवर गुण्यागोविंदाने नांदतात. भीती बाळगायचीच असेल तर ती उबुंटूवाल्यांनी, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांनी, बाळगावी. तिथे सिस्टिमची स्वतःची कामं पायथनवर चालतात. 'जुनं काढून नवं टाकू' म्हणून ते उपटलं की डेस्कटॉपही बरोबर जाऊ शकतो. तिथलं पायथन आहे तसंच राहू द्यायचं.

आता तिसरा मुद्दा. हा नीट बघायला हवा, कारण यात लोकांचा खरा अनुभव आहे. पायथन बसतं, हिरवी पट्टी पूर्ण भरते, पोरगं काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून 'पायथन' टाइप करतं आणि समोर उघडतं मायक्रोसॉफ्ट स्टोअर! किंवा अशी कमांडच ओळखीची नाही, असं उत्तर येतं. मग घरात ठरतं की बसलं नाही, आणि क्लासची फी भरली जाते.

बसलेलं असतं हो. फक्त विंडोजला त्याचा पत्ता माहीत नसतो. इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर, अगदी तळाशी, एक चौकोन असतो: 'अ‍ॅड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ'. तो आपोआप टिक झालेला नसतो. पाथ म्हणजे विंडोजकडची फोल्डरांची यादी. तुम्ही कमांड लिहिली की विंडोज त्या यादीतल्या घरांतच शोधतं. पायथनचं घर यादीत नसेल तर ते सापडत नाही, आणि विंडोज १० मध्ये २०१९ पासून स्टोअरकडे नेणारा एक आडवा दरवाजा आहे, त्यातून तुम्ही भलतीकडे पोचता. उपाय एका टिकचा. ती राहिली असेल तर 'पायथन'ऐवजी 'पी' आणि 'वाय' ही दोनच अक्षरं टाइप करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. तेही नको असेल तर स्टार्ट मेनूतून आयडल (पायथन लिहायची-चालवायची खिडकी) उघडा. ते पायथनसोबतच येतं आणि पाथशी त्याला काही देणंघेणं नाही.

(३.१४ पासून पायथनच्या वेबसाइटवर 'इन्स्टॉल मॅनेजर' पुढे केला जातो. त्याची तऱ्हा थोडी वेगळी आहे. तो घेतलात तर जुन्या व्हिडिओंत सांगतात तसे सेटिंगमधले अ‍ॅप एक्झिक्युशन एलियस (कमांडच्या नावावरून अ‍ॅप उघडणारे स्विच) सरसकट बंद करू नका, त्याला ते लागतात.)

इंग्रजीबद्दल. पायथनमध्ये राखीव शब्द ३५ आहेत, इफ, एल्स, फॉर असे. सहावीच्या पोराला ते पाठ होतात. बाकीची नावं तुम्हीच ठेवायची, आणि पायथन ३ मध्ये ती देवनागरीतही चालतात. 'वय', 'गुण', 'एकूण' अशी नावं खुशाल द्या. काळ्या खिडकीत जोडाक्षरं विस्कटतात, म्हणून मी आयडल सुचवते. गंमत म्हणजे चालू प्रोग्रामला कुणी देवनागरीत १२ लिहून दिले तर 'इंट' (लिहिलेल्याचा आकडा करणारी पायथनची कमांड) त्याचे बिनतक्रार बारा करतं. पण प्रोग्रामच्या ओळीत आकडा म्हणून तेच १२ देवनागरीत लिहिलं की चूक दाखवतं. भाच्याने पहिल्याच तासाला नेमकी हीच चूक केली, आणि एरर वाचून स्वतःच शोधूनही काढली.

राहिली ती लिंक. पायथनचं फुल व्हर्जन, हाफ व्हर्जन असलं काही नसतं. ते सगळ्यांना फुकटच आहे, पायथन डॉट ओआरजी या साइटवर उघड ठेवलेलं. फुकटच्या वस्तूची 'क्रॅक' कोण कशाला काढेल? आणि खरं पायथन टाकायला अँटिव्हायरस बंद करावा लागत नाही. तो बंद करायला सांगणाऱ्याला तुमच्या पीसीत वेगळंच काही बसवायचं आहे, असं मी धरून चालते.

हे सगळं मी 'कुटुंब' ग्रुपवर लिहिलं. अर्ध्या तासाने दाजींचा फोन आला, आवाज जरा खाली. लिंक त्यांनी आधीच दाबली होती, फाइलही चालवली होती. त्यांना म्हटलं, आधी नेटची वायर काढा. अँटिव्हायरस परत चालू करून पूर्ण स्कॅन लावा. आणि बँकेचा पासवर्ड बदला, पण त्या पीसीवरून नको, ताईच्या मोबाइलवरून.