बिल्ला तिच्या कानात होता

आज डबा खाताना ऑफिसातला एकजण म्हणाला, "तुमच्या गावाकडं काय बाबा, पूर आला म्हणून 31 हजार कोटी वाटले सरकारनं. आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं तर कोण विचारतं?" मी गप्प बसले. डब्याचं झाकण लावलं आणि उठले. आता रात्री साडेअकराला लिहितेय, कारण झोप येईना.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला, त्यात आमच्या आप्पांची तांबडी गेली. मध्यरात्री पाणी गोठ्यात शिरलं. आप्पांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिन्ही गायींची दावी कापली. दोघी पोहत टेकाडाला लागल्या. तांबडीला सातवा महिना होता, जड झाली होती. आप्पांच्या हातात दाव्याचा तुकडा तेवढा राहिला.

दुधाळ जनावराला मदत 37,500 रुपये. तिला 90 हजार मोजले होते, पण असू दे. पंचनाम्याला आलेल्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "मेलेलं जनावर कुठंय?" अहो, नदीनं नेलं! मग म्हणे शवविच्छेदनाचा दाखला आणा. नाहीतर बिल्ला दाखवा. कानात बिल्ला नसेल तर भरपाई नाही, असं 2024 पासून सांगतायत. म्हणून तर आप्पांनी स्वतः उभं राहून मारून घेतला होता, बारा अंकी नंबरचा, पिवळा. तो तिच्या कानात होता आणि ती सीनेत होती.

बिल्ला मारताना जनावराची, मालकाची नोंद तुम्हीच ऑनलाइन केली ना? मग नंबर टाका आणि बघा! सरपंचाला विचारा, शेजाऱ्यांना विचारा. आप्पांनी तो दाव्याचा तुकडा पिशवीत घालून तीनदा तालुक्याला नेला. कुणी हातात घेऊन बघितलासुद्धा नाही.

आणि 31,628 कोटी, 31,628 कोटी काय लावलंय? कोरडवाहूला हेक्टरी 8,500. गुंठ्याला साधारण 85 रुपये झाले. त्यात बी, खत, फवारणी आणि खुरपणीच्या बायांची हजेरी बसवून दाखवा मला. जमीन खरडून गेली तर हेक्टरी 47,000 रोख. वरचे 3 लाख रोजगार हमीतून, ते काही हातात पडत नाहीत. आमच्या नदीकडच्या दीड एकरात आता नुसते गोटे आहेत. आजोबांनी बैलगाडीनं गाळ टाकून केलेलं रान होतं ते.

बरं, रब्बीसाठी हेक्टरी 10,000 जादा दिले, दोन हेक्टरची मर्यादा तीन केली, हे मान्य. खोटे पंचनामे करून पैसे लाटणारेही आहेत, आमच्याच गावात आहेत. म्हणून काय आप्पांनीही चोरासारखं उभं राहायचं खिडकीपाशी?

तलाठ्यावर मात्र माझा राग नाही. पोरगाच होता. चार गावं त्याच्या एकट्याकडं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन चिखलातनं आला. आईनं दिलेला चहा उभ्यानंच प्यायला. म्हणाला, "काकू, मला दिसतंय हो सगळं, पण कागदावर काय लावू?" आई त्याला म्हणाली, "तू आधी पाय धू बाळा."

त्या पोराला काय बोलणार? पण जे नियम करतात, त्यांनी एकदा तरी रात्री दोन वाजता, अंधारात, पाण्यात उभं राहून गाभण गायीचं दावं कापावं. ती कशी बघते ते बघावं. आणि मग दाखला मागावा.

मघाशी आप्पांना फोन केला. ऑफिसातलं काही सांगितलं नाही. तो तुकडा अजून आहे का, एवढंच विचारलं. म्हणाले, "आहे की. कालवडीचं दावं अपुरं पडत होतं, त्याला जोडलाय. साहेबांनी मागितला तर सोडून नेतो."