गुन्हा रद्द केला तर बायकांची विक्री वाढेल?

एक दावा हिरिरीने पुढे पाठवला जातो: देहविक्रय गुन्ह्यातून वगळला की बायकामुलींची तस्करी वाढते, जर्मनी बघा; शिवाय हे काम राजीखुशीने कुणी करत नाही, म्हणून बाईला सोडा आणि गिऱ्हाइकाला धरा. हेतू चांगला असेलही. पण मार शेवटी त्या बाईलाच बसतो.

आधी जर्मनी. तिथे २००२ साली या व्यवसायाला कायद्याने काम म्हणून मान्यता मिळाली आणि २०१७ पासून सरकारी नोंदणी सक्तीची झाली. जिच्याकडे कागदपत्रं नाहीत, जिला नाव उघड व्हायची भीती वाटते, ती पुन्हा बेकायदाच ठरते. आमची मागणी परवान्यांची नाहीच; हे काम गुन्हा मानणंच थांबवा, एवढीच आहे. न्यूझीलंडने २००३ साली गुन्हा काढून टाकला. तिथे चार जणींपर्यंत बायका मालकाशिवाय, परवान्याशिवाय एका जागी काम करू शकतात. तस्करी वाढल्याचा पुरावा म्हणून २०१३चा जो अभ्यास दाखवतात, त्यातली तस्करीची आकडेवारी १९९६ ते २००३ची आहे आणि तिच्या मर्यादा लेखकांनी स्वतःच मान्य केल्या आहेत. न्यूझीलंडच्या कायद्याचे परिणाम त्यात दिसणार कसे?

आणि गुन्हा रद्द केला म्हणून तस्करी माफ होत नाही. न्यूझीलंडच्या त्याच कायद्यात बळजबरीने धंद्याला लावणाऱ्याला १४ वर्षांपर्यंत कैद आहे. कोंडून ठेवलेली मुलगी सगळ्यात आधी कुणाला दिसते? शेजारच्या खोलीतल्या बाईला, कधी गिऱ्हाइकालाही. ते दोघं पोलिसांना टरकून असतील, तर तिची खबर कोण देणार?

गिऱ्हाइकालाच धरायचं, ही स्वीडनची १९९९ची वाट. ऐकायला न्याय्य वाटते. रस्त्यावर मात्र असं होतं, की पकडलं जायच्या धास्तीने गिऱ्हाईक घाई करतो, आडोशाला चल म्हणतो. माणूस नीट पाहून घ्यायला, कंडोमचं आधीच ठरवून घ्यायला तिला जी दोन मिनिटं मिळायची, तीही जातात. घरमालक स्वतः अडकू नये म्हणून तिला खोलीबाहेर काढतो. भारतातला १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा तर तिच्या कमाईवर जगणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाला गुन्हेगार ठरवू शकतो. त्यात दलाल येतो, तशी तिची म्हातारी आई आणि शिकणारा मुलगाही येतो.

न्यूझीलंडमध्येही सगळं नीट झालेलं नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बायकांना तिथे हे काम करायला बंदी आहे. त्यामुळे मालकाने छळलं तरी तक्रार करायला त्या कचरतात, कारण देशाबाहेर काढलं जाण्याची भीती असते. म्हणजे जिथे बंदी उरली, तिथे धाकही उरला.

राहिला राजीखुशीचा मुद्दा. पोटासाठी, कर्जासाठी, दुसरं काही मिळत नाही म्हणून अनेक जणी हे काम करतात, हे खरंच आहे. पण नाइलाजाने काम करणाऱ्या माणसाला हक्क कमी लागतात की जास्त? न्यूझीलंडच्या कायद्यानुसार ती कुठल्याही क्षणी नाही म्हणू शकते, आधी हो म्हटलेलं असलं तरी. तिथे एका बाईने कुंटणखाना चालवणाऱ्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. २०१४ साली मानवी हक्क न्यायाधिकरणाने तिला २५,००० न्यूझीलंड डॉलर भरपाई मंजूर केली. तिचं काम गुन्हा असतं, तर ती त्या दारापर्यंत गेलीच नसती.