पाळीव उंदीर, पुठ्ठ्याचा खोका आणि एक फसवा सल्ला

पाळीव उंदरांविषयीचा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा : उंदराला खेळ कळत नाही, तेव्हा पिंजऱ्यात एक चाक बसवले आणि वाटी भरलेली ठेवली की पुरे; अन्न लपवून शोधायला लावणे हा मुक्या जिवाचा छळ आहे; दातांसाठी लाकडाचा एक ठोकळा दिला की कुरतडण्याची गरज भागते; आणि घरी केलेली खेळणी धोकादायक असल्यामुळे फक्त विकतचीच वापरावीत. शेवटच्या विधानात थोडे तथ्य आहे, आणि त्या थोड्या तथ्याच्या जोरावर बाकीची विधानेही लोकांच्या गळी उतरत आहेत.

उंदराला खेळ कळत नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. खेळताना किंवा गुदगुल्या केल्यावर उंदीर साधारण ५० किलोहर्ट्झला चिवचिवतात, हे मेंदूशास्त्रज्ञ जाक पँकसेप यांच्या प्रयोगांतून १९९०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आले. माणसाच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असल्याने शेजारी बसूनही आपल्याला त्यातले काही ऐकू येत नाही, आणि बहुधा त्यामुळेच उंदीर ‘गप्प’ असल्याचा समज झाला असावा. २०१९ साली बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांना माणसाबरोबर लपाछपी शिकवली. बक्षीस म्हणून खाऊ नव्हता, केवळ गुदगुल्या आणि थोडी दंगामस्ती होती. लपण्याची पाळी आली की ते पारदर्शक खोक्यापेक्षा अपारदर्शक खोका पसंत करत आणि लपल्यावर सहसा आवाज करत नसत.

छळाचा आरोप अधिक गंभीर आहे, कारण तो करणाऱ्याच्या मनात प्राण्याविषयी कळवळा असतो. परंतु १९६३ साली मानसशास्त्रज्ञ ग्लेन जेन्सन यांनी २०० उंदरांसमोर अन्नाने भरलेले भांडे आणि दाबल्यावर अन्न देणारी कळ असे दोन्ही पर्याय ठेवले, तेव्हा आयते अन्न समोर असूनही जवळपास सर्वांनी आपल्या खाण्यातला काही वाटा कळ दाबून मिळवला. माझ्याकडच्या एका मादीचे वागणे रोज याचीच साक्ष देते. साध्या कागदाच्या तुकड्यात सूर्यफुलाची एक बी गुंडाळून दोन्ही टोकांना पीळ दिला की ती भरलेल्या वाटीला वळसा घालून त्या पुडीकडे जाते, पुढच्या पंजांत ती उभी धरते, एक टोक दातांनी फाडते, मान झटकून कागदाचा कपटा थुंकते आणि बी खाऊन झाल्यावर उरलेला कागद तोंडात धरून झोपायच्या कोपऱ्यात नेऊन खुपसते. एक अट मात्र पाळावी : रोजचे मुख्य अन्न या खटपटीवर अवलंबून ठेवू नये. म्हाताऱ्या उंदरांचे, विशेषतः नरांचे, मागचे पाय पुष्कळदा लुळे पडत जातात. त्यांच्यासाठी पुडी सैल बांधावी आणि चढायला लागेल अशा जागी ठेवू नये.

दातांचे प्रकरण अर्धसत्य आहे. पटाशीचे दात वर्षाला दहा सेंटिमीटरहून अधिक वाढतात हे खरे, पण उंदीर ते प्रामुख्याने वरच्या आणि खालच्या दातांच्या आपसातील घर्षणाने झिजवतो. शांत बसलेला उंदीर दात कुरकुर वाजवतो तेव्हा तेच चाललेले असते; जबड्याचा स्नायू डोळ्यामागून जात असल्याने कधी कधी त्याचे डोळेही आतबाहेर हलतात आणि नवखा मालक घाबरतो. दात वाकडे आले असतील तर कोणताही ठोकळा ते सरळ करत नाही, पशुवैद्यच लागतो. कुरतडणे हा उंदराचा उद्योग आहे, आणि एका रात्रीत चिंध्या होणारा पुठ्ठा तो उद्योग महिनाभर जसाच्या तसा पडून राहणाऱ्या ठोकळ्यापेक्षा कितीतरी चांगला पुरवतो.

चाकाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. काही उंदीर त्यावर मनापासून धावतात, काही ढुंकूनही पाहत नाहीत. आणि उकरणे, चढणे, फाडणे, घरटे रचणे यांपैकी काहीच चाकावर होत नाही. बसवायचेच असेल तर किमान ३० सेंटिमीटर व्यासाचे आणि सलग पृष्ठभागाचे असावे, कारण गजांच्या चाकात पाय आणि शेपूट अडकतात.

आता घरगुती वस्तूंचा धोका. तो आहे, पण तो कशात आहे हे नेमके सांगता येते. चिकटपट्टी, स्टेपलच्या पिना आणि चकचकीत छपाईचा पुठ्ठा काढून टाकावा, कारण उंदराला उलटी करता येत नाही आणि गिळलेले परत बाहेर येत नाही. कागदाच्या गुंडाळीतली नळी मोठ्या नराला अरुंद पडते; ती लांबीच्या दिशेने कापून ठेवावी. टॉवेलच्या सुटलेल्या धाग्यांत नखे अडकतात, तर पिंजलेल्या कापसाचे तंतू पायाला आवळून रक्तपुरवठा तोडू शकतात. त्याऐवजी बिनवासाचा टिश्यू कागद द्यावा. सीडार या देवदारासारख्या लाकडाचा वासाचा भुसा उंदरांच्या मुळातच नाजूक श्वसनमार्गाला सोसत नाही. पाण्यात वाटाणे सोडून ते पकडायला द्यायचे असतील तर भांडे पसरट आणि पाणी दोन-तीन सेंटिमीटरच असावे. गंमत अशी की गजांची चाके, पिंजलेला कापूस आणि वासाचा भुसा या तीनही धोकादायक वस्तू ‘पाळीव प्राण्यांसाठी’ असे छापलेल्या वेष्टनांत सर्रास विकल्या जातात.

विकतच्या खेळण्याची आणखी एक अडचण म्हणजे त्याचा टिकाऊपणा; ते सहसा बदलले जात नाही. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातले मार्क रोझेनझ्वाइग आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत मोठ्या पिंजऱ्यांत गटाने वाढलेल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, एकट्याने वाढलेल्यांपेक्षा जाड आढळले. त्या मोठ्या पिंजऱ्यांतल्या वस्तू रोज बदलल्या जात असत. फुकटचा खोका बदलताना हात आखडत नाही. मात्र सगळे एकदम बदलू नये, कारण स्वतःचा वास पुसला गेला की उंदीर बावरतात. नवा खोका ठेवताना जुन्यातला एखादा कुरतडलेला तुकडा आत टाकला तर ते लवकर आत शिरतात.