तेंडुलकरांची पुस्तिका आणि कट्ट्यावरचे अडीच तास

रविवारी रात्री कट्ट्यावर नाटककार विजय तेंडुलकरांवरून जे झालं ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतोय, कारण एरवी आमचे वाद क्रिकेटवर नाहीतर रस्त्यातल्या खड्ड्यांवर होतात आणि चहा संपला की संपतात, हा मात्र साडेनऊला सुरू झाला तो बाराला मास्तरांच्या घरून फोन आला तेव्हाच थांबला. थांबला म्हणजे मिटला असं नाही.

झालं असं की आमच्यातला धाकटा कॉलेजात शिकवतो, तिथल्या नाटकाच्या ग्रुपचं सगळं तोच बघतो. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमींना दरवर्षी नवी पोरं येतात, अंगात दम असतो, पण तेंडुलकर म्हटलं की "ते बोल्ड नाटकंवाले ना" एवढंच माहीत. म्हणून त्याने मनावर घेऊन एक छोटी पुस्तिका केली, जीवन, नाटकं आणि वारसा, म्हणजे पोरांनी हातात घेतली की पंधरा मिनिटांत माणूस कळावा. प्रिंटआउट काढून आणलं होतं, म्हणाला वाचा आणि चुका सांगा.

पहिलं पान ठीक होतं. विजय धोंडोपंत तेंडुलकर, जन्म ६ जानेवारी १९२८, बेचाळीसच्या चळवळीच्या नादात शाळा सुटली, मग वर्तमानपत्रांतल्या नोकऱ्या, मग नाटकं, सिनेमे, १९८४ ला पद्मभूषण, १९ मे २००८ ला पुण्यात गेले. पुढच्या पानावर नाटकांची यादी आणि ती अकारविल्हे, म्हणजे 'अशी पाखरे येती' वर आणि 'श्रीमंत' पार तळाकडे, आणि मास्तर तिथेच अडले.

मास्तर म्हणाले, अरे ही काय टेलिफोन डिरेक्टरी आहे का? माणूस ज्या क्रमाने लिहीत गेला त्या क्रमाने लाव. त्यांचं म्हणणं असं की तेंडुलकर १९६७ साली 'शांतता! कोर्ट चालू आहे' घेऊन आभाळातून पडले नाहीत. आधी 'गृहस्थ' पडलं, इतकं पडलं की यापुढे नाटक लिहिणार नाही असं त्यांनी ठरवलेलं, मग 'श्रीमंत' आलं, 'माणूस नावाचे बेट', 'मधल्या भिंती', मग रंगायन या नाट्यसंस्थेच्या लोकांसोबतच्या एकांकिका आणि नाटकं. आणि 'श्रीमंत' मध्ये काय आहे, तर श्रीमंत घरातली लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी आणि घराची अब्रू वाचवायला तिच्यासाठी नवरा विकत घेऊ बघणारा बाप. दहा-बारा वर्षांनी 'शांतता' मध्ये परत लग्न न झालेली गरोदर बाई, फक्त यावेळी घर नाहीच, ओळखीपाळखीतली चार माणसं खेळ म्हणून खटला मांडतात आणि तिला फाडून खातात. मास्तर म्हणाले, ही दोन नाटकं एकाखाली एक ठेव, पोरांना काही सांगायलाच नको, तीच गाठ हा माणूस परत परत सोडवायला बसतोय हे त्यांचं त्यांना दिसेल. मला हे शंभर टक्के पटलं, धाकट्यालाही पटलं असावं, कारण त्याने लगेच पेन काढून अकारविल्हे वर काट मारली.

वकील काही ऐकेना. तो म्हणाला क्रमबिम सगळं ठीक, पण पोरं वाचणार कशासाठी, तर वादासाठी, मग वाद पहिल्या पानावर घ्या. आणि वकील असल्याने त्याला ते सगळं नीट माहीत आहे. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे द्यावी लागते, तिथून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. 'गिधाडे' मध्ये रमाच्या साडीवरच्या लाल डागावर आक्षेप आला म्हणून डाग निळा केला आणि तो डाग लाल समजावा असं प्रेक्षकांनाच सांगून टाकलं. 'सखाराम बाइंडर' वर बंदी आली तर दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले, हायकोर्टापर्यंत लढले आणि बंदी उठवून प्रयोग परत उभे केले, त्यावर त्यांनी 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तक लिहिलंय ते प्रत्येक नाटकवाल्याने वाचलं पाहिजे. वकिलाचं वाक्य होतं की हा वारसा नाही तर काय, एक नाटक लोकांसमोर यावं म्हणून माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

यावर ताई बोलल्या. आमच्या ताई म्हणजे बँकेतून रिटायर झाल्यात आणि तरुणपणी हौशी नाटकांना बॅकस्टेज करायच्या, त्या कधी आवाज चढवत नाहीत पण बोलल्या की आम्ही ऐकतो. त्या म्हणाल्या, वादाचंच लिहिलंत तर नाटक राहतं बाजूला. 'घाशीराम कोतवाल' वाचून बघ रे, तासाभरात वाचून होतं, आणि वाचून तुला त्यातलं काहीच मिळणार नाही, कारण ते नाटक कागदावर नाहीच आहे. बारा बामण रांगेत उभे राहतात, पाठ फिरवली की भिंत होते, बाजूला झाले की नाना फडणवीसाचा वाडा, परत जुळले की आत काय चाललंय ते झाकणारा पडदा. माणसंच आडोसा होतात आणि माणसंच डोकावतात. हे तेंडुलकरांनी लिहिलं खरं, पण जब्बार पटेलांनी ते बसवलं, भास्कर चंदावरकरांनी संगीत दिलं, कृष्णदेव मुळगुंदांनी त्या अख्ख्या रांगेला पाय दिले, मोहन आगाशे नाना झाले, तेव्हा ते नाटक झालं. पीडीए म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या पुण्यातल्या नाट्यसंस्थेच्या पोरांनी १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात केलं, मग संस्थेनेच ते थांबवलं, तेव्हा करणाऱ्यांनी बाहेर पडून थिएटर अॅकॅडमी काढली आणि परत उभं केलं, १९८० ला युरोपात नेलं. तुझ्या पुस्तिकेत यातलं एक नाव नाही. नाटककाराची माहिती लिहितोयस आणि त्यात नट नाही, दिग्दर्शक नाही, मग कवी आणि नाटककार यात फरक काय राहिला?

धाकटा गप्प झाला. मला वाटतं त्या रात्रीचं सगळ्यात मोलाचं बोलणं हेच होतं, आणि मग मीही तोंड उघडलं कारण माझ्या मनात बऱ्याच वर्षांपासून जे आहे ते याच्याशीच जोडलेलं आहे.

माझं म्हणणं असं की तेंडुलकरांचा खरा वारसा विषय नाहीत, कान आहे. लैंगिकता, हिंसा, जात, सत्ता हे विषय आधीही होते नंतरही येतील, पण आपल्या रंगभूमीवर माणसं सजवलेली पल्लेदार वाक्यं टाळीसाठी बोलत होती तिथे या माणसाने अर्धवट तुटणारी, अडखळणारी, टिंबांवर टांगलेली वाक्यं आणली, कारण खरी माणसं तशीच बोलतात आणि ज्या जागी वाक्य तुटतं तिथेच ती खोटं बोलत असतात. पत्रकाराची नोकरी केलेला माणूस, लोकांचं ऐकण्यात आयुष्य गेलं. 'शांतता' काढून बघा. काशीकर न्यायाधीश होऊन बसलाय आणि कान कोरतोय, म्हणजे ज्याने ऐकायचं त्याचं लक्ष स्वतःच्या कानात. वकील झालेला सुखात्मे कोर्टाची भाषा अशी वापरतो की भ्रूणहत्या हा एक भारदस्त शब्द उच्चारला की त्यामागची बाई दिसेनाशीच होते. आणि शेवटी बेणारेला, म्हणजे जिच्यावर खटला चाललाय तिला, बोलायला किती वेळ देतात, तर दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत बाकी सगळे जागच्या जागी गोठतात आणि ती आपलं अख्खं आयुष्य बोलते, म्हणजे आपल्याला ऐकू येतं, कोर्टाच्या हिशोबाने ती काहीच बोललेली नाही. मी हे वाचताना प्रत्येक वेळी थांबतो. अख्ख्या नाटकात सगळे तिच्याबद्दल बोलतात आणि तिचं स्वतःचं बोलणं रेकॉर्डवर येतच नाही. आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो प्रोफेसर दामले नाटकात येतच नाही, त्याच्या जागी फक्त रिकामी जागा.

म्हणून मी धाकट्याला म्हटलं, पोरांना 'बोल्ड' शब्द शिकवूच नकोस, पोरं सखारामच्या शिव्या उचलतात आणि त्यांना वाटतं तेंडुलकर जमला. त्याच नाटकात लक्ष्मी मुंगळ्याशी बोलत बसते तो भाग वाचायला दे. ज्या बाईशी घरात कुणी माणसासारखं बोलत नाही ती मुंगळ्याशी गप्पा मारते, हसते, आणि सखाराम बाहेरून ऐकून चक्रावतो की ही बोलतेय कुणाशी. नीलू फुले आणि लालन सारंग यांनी ते नाटक गाजवलं ते शिव्यांमुळे नाही, त्या घरातल्या सुनसानपणामुळे.

वकील म्हणाला हे तुझं मत झालं, संदर्भपुस्तिकेत मत नसतं. मी म्हटलं क्रम लावणं हेसुद्धा मतच असतं. त्यावर बराच वेळ नुसता गोंगाट झाला तो इथे लिहीत नाही.

हे सगळं चाललेलं असताना आमचा इंजिनिअर एक शब्द बोलला नव्हता. तो आंबेडकरी चळवळीतल्या घरातला, वाचन दांडगं, आणि प्रिंटआउटची पानं तोच शांतपणे चाळत होता. मग त्याने विचारलं, कन्यादानवर हे एवढंच? आणि मोठ्याने वाचलं. दलित तरुणाशी लग्न करणाऱ्या मुलीची शोकांतिका, समाजवादी वडिलांचा भ्रमनिरास, पुढे लेखकाला सरस्वती सन्मान. संपलं.

तो म्हणाला, नाटक १९८३ चं आहे. अकराच वर्षांपूर्वी दलित पँथर उभी राहिलेली, दलित कविता नुकतीच सगळ्यांना ऐकू यायला लागलेली, आणि अशा वेळी मोठ्या लेखकाच्या मोठ्या नाटकात दलित कवी येतो कसा, तर बायकोला मारणारा म्हणून. असा माणूस नसतोच असं मी म्हणत नाही. असतो. पण त्या स्टेजवर आमच्याकडून ठसठशीत असा तो एकटाच आहे, त्याची आई नाही, बहीण नाही, मग प्रेक्षक काय घेऊन घरी जाणार?

ताई म्हणाल्या, नाटक त्या कवीचं, अरुण आठवल्याचं नाहीच, ते नाथ देवळालीकरचं आहे, स्वतःच्या तत्त्वांच्या प्रयोगात मुलीला घालणाऱ्या बापाचं, आणि शेवटी ज्योती बापाला जे ऐकवते त्यात बाप उघडा पडतो, जावई नाही. वकील म्हणाला लेखकाला स्वातंत्र्य पाहिजे की नको, या नाटकासाठी तेंडुलकरांवर चप्पल फेकली गेलीय, ते बरोबर होतं का?

इंजिनिअर म्हणाला, चप्पल मला मान्य नाही. पण चप्पल का आली हे पुस्तिकेत लिहिणार की नाही ते सांगा. घाशीरामला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं तुम्ही लिहिलंय, नाना फडणवीसांची बदनामी झाली वगैरे, अगदी इतिहासातल्या खऱ्या कोतवालाचं १७९१ चं प्रकरणसुद्धा लिहिलंय, ते अर्धं पान आहे. कन्यादानला विरोध करणाऱ्यांना एक ओळ पण नाही.

याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. खरोखर नव्हतं. धाकट्याने पान उलटून पाहिलं, अर्धं पान होतं.

मी ताईंच्या बाजूचा आहे, नाटक नाथचंच आहे असं मला आजही वाटतं. पण तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं की मी ते नाटक जेव्हा जेव्हा वाचलं तेव्हा नाथच्या खुर्चीत बसूनच वाचलं, दारातून आत येऊन कुठे बसावं हे न कळणाऱ्या अरुणच्या बाजूने एकदाही वाचलेलं नाही. ज्या लेखकाच्या कानाचं मी इतकं कौतुक करतो त्याच्या कानाने इथे किती ऐकलं आणि किती सुटलं हा प्रश्न विचारायचा हक्क इंजिनिअरला आहे आणि पुस्तिकेत तो प्रश्न आलाच पाहिजे. उलट त्याने तेंडुलकर लहान होत नाहीत, हा माणूस स्वतःच हिंसेचा अभ्यास करायला नेहरू फेलोशिप घेऊन वणवण फिरलेला.

बाकी गोष्टींवर फार भांडण झालं नाही. सिनेमांचं एक पान पुरे असं ठरलं, 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा', हिंदीतले 'निशांत', 'मंथन', 'आक्रोश', 'अर्धसत्य', फक्त कुठलं स्वतंत्र आणि कुठलं दुसऱ्याच्या कथा-कादंबरीवरून हे स्पष्ट लिहायचं, म्हणजे अरुण साधू, शांता निसळ, पानवलकर यांची नावं आली पाहिजेत. 'मित्राची गोष्ट' राहूनच गेलं होतं, ते मास्तरांनी आठवण करून दिली, १९८१ साली मराठी रंगमंचावर बाईवर प्रेम करणारी बाई मध्यभागी ठेवलेली आणि आपण ते विसरतो. बालनाटकं घ्यायला ताईंनी लावली, 'राजाराणीला घाम हवा' आणि 'चिमणा बांधतो बंगला'. भाषांतरं पण, 'तुघलक' आणि 'आधे अधुरे' मराठीत तेंडुलकरांनी आणली हे पोरांना अजिबात माहीत नसतं.

शेवटी वाटणी झाली. क्रम मास्तर लावणार, प्रत्येक नाटकाखाली पहिल्यांदा कुणी केलं, कुणी बसवलं, कोण उभं राहिलं हे ताई भरणार, कोर्टकचेरी वकिलाकडे पण मागच्या पानांत. संवादांवर दोन पानं माझ्याकडे. कन्यादानवर ताईंनी एक नोंद लिहायची आणि शेजारीच इंजिनिअरने एक, दोन्ही एकाच मापाच्या, दोन्हीखाली नावं. इंजिनिअर म्हणाला मी लिहीन, पण आधी नाटक परत वाचणार, बारा-तेरा वर्षं झाली वाचून. ताई म्हणाल्या मग मी पण परत वाचते, प्रत माझ्याकडे एकच आहे, आधी तू घेऊन जा.

आज बुधवार. माझी दोन पानं गेली, मास्तरांचा क्रम आलाय, वकिलाने तर सात पानं पाठवलीत. ताईंची प्रत अजून इंजिनिअरकडेच आहे.