ऑर्डर येईपर्यंत गोळ्या बंद? कोणाच्या डोक्यातून निघालं हे?

घरच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: सरकारी नोकरीची पडताळणी चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे फिरकू नका, आधारवरून नोंद थेट दिल्लीला जाते. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचा केसपेपर निघाला तर पासपोर्टही विसरा. अमेरिकेत अशा माणसाचा सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय सरकारी माहिती हाताळायची परवानगी) कायमचा जातो. तेव्हा ऑर्डर हातात पडेपर्यंत गोळ्या बंद!

ऐरोलीच्या वहिनींनी हे शिरसावंद्य मानलं. पुतण्याची नैराश्याची गोळी बंद, पाकीट रव्याच्या डब्यामागे. पोराला गरगरायला लागलं, झोप उडाली, जरा काही झालं की रडू. या गोळ्या एकदम तोडल्या की असं होऊ शकतं, म्हणून तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. हा मुलगा आता नोकरीच्या मेडिकल तपासणीला कोणत्या तोंडाने उभा राहणार?

बरं, अमेरिकेचा दाखला त्यांनीच दिलाय, तर तो पुरा वाचा. तिथे 2017 पासून लागू असलेल्या सीड-4 (SEAD 4) या, क्लिअरन्सचे निकष ठरवणाऱ्या सरकारी निर्देशात स्वच्छ लिहिलंय की निव्वळ समुपदेशन घेतलं एवढ्यावरून कोणाविरुद्ध निष्कर्ष काढता येणार नाही. स्वतःहून उपचार घेणं आणि आजार आटोक्यात असणं अर्जदाराच्या बाजूने धरतात. आणि शंकेच्या मुद्द्यांत काय आहे? निर्णयशक्तीवर परिणाम करू शकेल अशा आजारात लिहून दिलेलं औषध न घेणं! म्हणजे मेसेज जे करायला सांगतोय, नेमकं तेच.

आधारचं तर काहीच्या काही. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 23 उपचारांची माहिती गोपनीय ठेवायला सांगतं. अपवाद आहेत, पण नोकरीसाठी गुपचूप चौकशी हा त्यातला नाही. पोलीस पडताळणीत पत्ते, अटक, खटले बघतात.

एक मात्र मान्य करावं लागेल. सैन्य, पोलीस, वैमानिक यांचे वैद्यकीय निकष कडक असतात, तिथे काही आजार खरोखर आडवे येतात. मेडिकलच्या फॉर्ममध्ये जुन्या आजाराबद्दल विचारलं तर खरंच लिहायचं. लपवलेलं पुढे निघालं तर नोकरीवर गदा येऊ शकते. त्यासाठी डॉक्टरांकडून उपचार चालू असल्याचं, प्रकृती स्थिर असल्याचं पत्र घ्या. गोळ्या बंद केल्यावर ते पत्र कोण देणार?

पासपोर्टच्या अर्जात मानसिक आजाराचा रकानाच नाही.