यात नाणेफेक कुठं आली?
‘थायमसमधली पेशी मदतनीस होणार की मारक, हे नाणेफेकीसारखं ठरतं’ हे टी-पेशींवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. थायमस म्हणजे छातीतली ग्रंथी, तिथं रोगप्रतिकारक टी-पेशी घडतात; मदतनीस टी-पेशी इतर पेशींना कामाला लावतात, मारक टी-पेशी संसर्ग झालेल्या पेशी मारतात. लातुरात नीटच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. दरवर्षी एखादं पोरगं विचारतंच, “सर, पेशीला कळतं कसं?” आधी मीही नशिबावर ढकलून मोकळा व्हायचो, खोटं कशाला बोलू!

आज बहुमान्य असलेल्या मॉडेलप्रमाणे सीडी४ (मदतनीसांची खूण) आणि सीडी८ (मारकांची खूण) ही पृष्ठभागावरची दोन्ही प्रथिनं बाळगणारी पेशी आधी सीडी८ कमी करते. तरीही तिच्या रिसेप्टरचा (बाहेरचे रेणू ओळखणाऱ्या प्रथिनाचा) सिग्नल टिकला तर टीएच-पॉक हा जनुकं चालू-बंद करणारा घटक जोर धरतो, पेशी मदतनीस होते. सिग्नल तुटला तर इंटरल्युकिन-७ या संदेशवाहक प्रथिनाच्या आधारानं रन्क्स३ हा तसाच दुसरा घटक वरचढ होतो, पेशी मारक होते. २००५ मध्ये उंदरांत दिसलंच की, टीएच-पॉक बिघडला तर मदतनीस व्हायच्या पेशी मारकांच्या वाटेला लागतात.