सॅटेलाइट येतायत

मंगळवारी रात्री साडेअकरा वाजता मी घरातून निघालो आणि एकतीस किलोमीटर सायकल चालवून एकच्या सुमारास परत आलो, ही गोष्ट माझ्या मेव्हणीला कळली तेव्हा मलाही ती नवीनच होती.

तिचा फोन बायकोला आला. "ताई, जिजू काल रात्री कुठे गेले होते गं?"

"घोरत होते," बायको म्हणाली.

मग मेव्हणीनं मीच फॅमिली ग्रुपवर ऐटीत टाकलेला फोटो तिला परत पाठवला. फोटो माझ्या सायकलवरच्या जीपीएस मशीनच्या नोंदीचा. त्यात गंगापूर धरणापर्यंत गेलेली लाल रेघ, खाली किलोमीटर, कॅलरी, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत वेळ : २३:३०. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. बायकोनं फोन खाली ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "अहो, धरणावर कोण राहतं?"

मी गेलो होतो बुधवारी पहाटे पाचला. जाताना चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवून गेलो होतो आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली होती. पण माझं सांगणं एकीकडे आणि छापून आलेला आकडा एकीकडे. मशीन कशाला खोटं बोलेल? त्या बिचाऱ्याला नाशिक ठाऊकच नव्हतं, एवढंच. उपग्रहांच्या घड्याळावरून त्याला जी वेळ कळते ती ग्रिनिचची. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपले वाजतात, आणि ते मिळवायचं काम मालकाचं. मी सेटिंग उघडलं. तिथे +५ होतं, +६ होतं. साडेपाच नव्हतं. अख्खा देश त्या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत पडला होता. मी +५ केलं. तेव्हापासून मशीनच्या मते मी रोज साडेचारला निघतो. ग्रुपवर त्याचं कौतुकही होतं. मी दुरुस्ती करत नाही.

ही वस्तू काडेपेटीहून जरा मोठी, हँडलला रबराच्या दोन कड्यांनी बांधलेली. किंमत साडेचार हजार. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये सगळे तिला 'गार्मिन' म्हणतात, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो. ती गार्मिन नाही. खरं गार्मिन आमच्यात दोघांकडे आहे, आणि तेवढ्या पैशात मी आणखी एक सायकल घेऊन वर हेल्मेटही घेतलं असतं. माझ्या मशीनच्या कंपनीचं नाव मी इथे सांगत नाही. एक तर मला ते नीट उच्चारता येत नाही, आणि दुसरं म्हणजे वॉरंटीचे चार महिने अजून बाकी आहेत.

मशीनशिवाय चाललं नसतं का? दुसऱ्या गावात चाललं असतं. नाशिकमध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ आहेत. त्यांनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पुरी केली, जवळजवळ ४८०० किलोमीटर, आणि ती पुरी करणारी ती पहिली भारतीय टीम. इथून माणसं सायकलवर पंढरपूरची वारी करतात. अशा गावात "सकाळी जरा सोमेश्वरपर्यंत जाऊन आलो" म्हटलं की समोरचा विचारतो, "किती झाले?" तिथे "झाले असतील पंधरा-वीस" हे उत्तर चालत नाही. पंधरा आणि वीसमध्ये पाच किलोमीटर असतात आणि त्या पाचात माणसाची अब्रू असते.

त्यात माझा धंदाच मापाचा. सातपूरला एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला तरी मी अख्खा लॉट परत पाठवतो. कॅलिब्रेशनची तारीख उलटलेल्या गेजला हात लावत नाही. शॉप फ्लोअरवरची पोरं मला मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे. आणि हाच मी रोज पहाटे, पाच-सात मीटरची चूक म्हणजे किरकोळ समजणाऱ्या या वस्तूपुढे उभा असतो. नुसता उभा.

कारण बटण दाबलं की स्क्रीनवर येतं, 'सॅटेलाइट शोधत आहे'. आपण कुठे आहोत हे कळायला निदान चार उपग्रह लागतात. ते वीस हजार किलोमीटर वर. तिथून येणारा सिग्नल इतका अशक्त की डोक्यावर स्लॅब असला की संपलं. आमचं पार्किंग बिल्डिंगच्या पोटात, वर सात मजले. म्हणून सायकल गेटपाशी आणायची, आंब्याचं झाड टाळायचं, मोकळ्या आभाळाखाली थांबायचं आणि हलायचं नाही. प्रत्येक उपग्रह आपला ठावठिकाणा दर अर्ध्या मिनिटाला एकदा सांगतो. मध्येच एखादा शब्द गळला की पुढच्या खेपेची वाट बघायची, सत्यनारायणाच्या कथेत डुलकी लागल्यासारखं. महागडी मशीनं ही माहिती फोनवरून आधीच मागवून ठेवतात. माझंही मागवतं म्हणे, ॲपमध्ये लॉगिन झालं तर.

पहिल्या आठवड्यात मी मशीन दोन्ही हातांत धरून पूर्वेला उंच करत असे. मला वाटायचं, तेवढंच त्यांना जवळ पडेल. तळमजल्यावरचे काका चप्पल सरकवत बाहेर आले, माझ्याकडे बघत थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "अर्घ्य देताय? पाणी नाही घेतलं?"

वर गॅलरीतून बायको. "अहो, गेला नाहीत अजून?"

"सॅटेलाइट येतायत."

"किती आले?"

"तीन."

"मग चौथ्याचा चहा टाकू का?"

मशीनबरोबर पुढे मी छातीला बांधायचा पट्टाही घेतला. तो हृदयाचे ठोके मोजतो आणि बिनतारी मशीनला कळवतो. रविवारी गंगापूर रोडला सगळे जमलो, मी सेन्सर शोधायला लावला, आणि स्क्रीनवर आकडा आला ५४. चोपन्न! माझं वय अठ्ठेचाळीस, सकाळी दोन जिने चढलो की शंभर. पण आकडा समोर होता. मी तो सगळ्यांना दाखवला. एक जण म्हणाला, "सर, हे तर ॲथलीटचं हार्ट आहे." मी म्हटलं, लहानपणी खूप पोहायचो. निघालो. पहिल्या चढावर कॉलेजातलं एक सडसडीत पोरगं आम्हाला मागे टाकून भुर्रकन पुढे गेलं. ते दूर गेलं तसा माझा आकडा लुकलुकला आणि त्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. म्हणजे ते हृदय त्याचं होतं. गर्दीत सेन्सर शोधला तर मशीन जो सापडेल त्याच्याशी सोयरीक जुळवतं. त्यानंतर मी घरी, एकट्यानं, बाथरूमचं दार लावून पट्टा जोडला. शंभर आला. ओळख पटली.

पण मशीननं केलेला खरा अपमान म्हणजे मोहदरी घाट. सिन्नरला जाताना लागतो तो. घाटांच्या पंगतीत त्याला फार तर मीठ वाढायला ठेवतील, ट्रकवाले तर त्याला घाट म्हणतही नसतील. मी मात्र त्याच्या मध्यावर सगळ्यात हलक्या गिअरवर, जीभ बाहेर, हँडलवर घाम ठिबकतोय अशा अवस्थेत पेडल मारत होतो. तेवढ्यात 'टीं-टीं' वाजलं. स्क्रीनवर अक्षरं : ऑटो पॉज.

ऑटो पॉज म्हणजे तुम्ही सिग्नलला किंवा टपरीवर थांबलात की मशीन आपणहून मोजणं थांबवतं. वेग ठरावीक आकड्याच्या खाली गेला की त्याला वाटतं, हा थांबला. मी थांबलो नव्हतो. आयुष्यात इतका कमी थांबलेला मी कधीच नव्हतो. चिडून दोन पेडलं जोरात मारली. 'टीं'. सुरू. दम गेला. 'टीं-टीं'. बंद. असं वरपर्यंत. शेजारून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या, त्या एकदाही पॉज झाल्या नाहीत.

घरी येऊन हिशेब बघितला आणि राग पळाला. घाटाचा जो भाग मी सगळ्यात वाईट चढलो होतो, तो मशीननं वेळेत धरलाच नव्हता. त्यामुळे माझी सरासरी सुधारली होती. मी ते सेटिंग बदलणार होतो. राहून गेलं.

उंचीचंही तसंच. हे यंत्र उंची ओळखतं हवेच्या दाबावरून. वर जावं तसा दाब कमी होतो, साधारण आठ मीटरला एक मिलिबार. पण पाऊस जवळ आला की दाब जागच्या जागी उतरतो, आणि मशीनला ढग आणि डोंगर यांतला फरक कळत नाही. जुलैत एका रात्री ते फ्रिजवर चालूच राहिलं. सकाळी बघतो तर ३७ मीटर चढलं होतं. बायको म्हणाली, "तुमच्यापेक्षा तेच जास्त चढतं." नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे, आणि पहिल्या दिवशी त्यानं आमचा हॉल उणे बारा मीटरवर दाखवला होता. कोकणातल्या आत्यालाही मी हे कळवलं, म्हटलं सध्या आम्ही तुमच्या खाली राहतो.

गावात शिरलं की तर विचारूच नका. भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपुलाकडच्या गल्ल्या, दोन्हीकडे जुने वाडे आणि वर आभाळाची एक चिंधी. उपग्रहाचा सिग्नल थेट येण्याऐवजी भिंतीवर आपटून येतो, रस्ता लांबतो, आणि मशीनला वाटतं आपण पलीकडे आहोत. मी गुपचूप रस्त्यानं आलो होतो. रेघेप्रमाणे मी दोन घरांच्या माजघरातून, एका सोनाराच्या गल्ल्यावरून आलो आणि शेवटी सायकलसकट रामकुंडात उतरून पैलतीरावर निघालो. आईला दाखवलं. ती म्हणाली, "सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, तू आधीच कशाला उरकलंस?"

अण्णा मात्र या कशातच नसतात. अण्णांनी नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, ती सगळी सायकलवर. काळी सायकल, डायनॅमो, मागे डबा. एका संध्याकाळी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नऊ किलोमीटर जाणं, नऊ येणं, वर्षाचे तीनशे दिवस. एकूण १,५१,२०० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,०७५. मी अक्षरशः उठून उभा राहिलो.

"अण्णा, तुम्ही पृथ्वीला पावणेचार फेऱ्या मारल्यात!"

अण्णांनी पेपरातून मान वर केली नाही. "मी प्रेसला जात होतो."

"अहो, पण याची कुठेच नोंद नाही!"

"मस्टरवर आहे की," अण्णा म्हणाले, आणि पान उलटलं.

या रविवारी त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो. अंजनेरीच्या पायथ्याशी ढग उतरले होते, रस्ता ओला, वारा समोरून. पेगलवाडीच्या अलीकडे चहा घेतला. बाकी आठवत नाही, कारण परतीचे शेवटचे पंधरा किलोमीटर मी फक्त स्क्रीनकडे बघत होतो. गेटात शिरलो तेव्हा ५९.३० झाले होते. आता एकोणसाठ पूर्णांक तीस हा आकडा घेऊन माणूस चारचौघांत जाऊ शकतो का?

मी वर गेलो नाही. सोसायटीला चक्कर मारायला लागलो. एक चक्कर ११८ मीटर ४० सेंटिमीटर भरते. मी टेपनं मोजली आहे, दोनदा, कारखान्यातली टेप, कॅलिब्रेशन केलेली. हिशेबानं सहा चकरांत साठ व्हायला हवेत. वॉचमन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होता. पहिल्या खेपेला, मार्चमध्ये, त्यानं उठून विचारलं होतं, "साहेब, काही पडलंय का तुमचं?" आता विचारत नाही. आता तो बोटांवर मोजतो.

"सहा झाल्या," तो म्हणाला.

मी मशीन बघितलं. ५९.८१. बिल्डिंगच्या सावलीत ते प्रत्येक चकरीचे कोपरे खात होतं. एका बाजूला माझी टेप आणि वॉचमनची बोटं, दुसऱ्या बाजूला साडेचार हजारांचा डबा. ग्रुपवर फोटो कुणाचा जाणार होता?

मी सातवी सुरू केली. वर गॅलरीत बायको आली, हातात झारा. खाली बघितलं, मला काहीच विचारलं नाही. वॉचमनला हाक मारली, "भाऊ, किती राहिल्या? पोहे परतायचेत."

"ही धरून दोन, ताई."